फाइल घराबाहेर गेलीच नव्हती

लग्नाचं शूटिंग ठरवायला आलेली माणसं विचारतात ती कॅमेऱ्यांबद्दल. कॅमेरे किती, ड्रोन आहे का, अल्बम किती पानांचा, हळदीला रात्री किती वाजेपर्यंत थांबणार. शूटिंग झाल्यावर कार्डातला डाटा कुठे जातो, कसा जातो, हे आजवर एकाही गिऱ्हाइकानं विचारलेलं नाही. माझे व्हिडिओ उशिरा मिळायचे त्याचं कारण मात्र नेमकं तिथेच होतं. ते शोधताना मी जेवढे पैसे घालवले तेवढ्यात एक बरी लेन्स आली असती.

शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं घर. गिऱ्हाइकं दोन्ही तालुक्यांतली. इकडे खर्डी-कसाऱ्यापर्यंत, तिकडे धसई-टोकावड्यापर्यंत. आमच्या भागात हळद लग्नाहून मोठी. ती रात्री सुरू होते, पहाटेपर्यंत चालते, आणि पहाटे उरलेली मंडळीच सगळ्यात हौशी असतात, त्यामुळे कॅमेरा बंद करायची सोय नाही. आमचा कॅमेरा फोर-केमध्ये सेकंदाला १०० मेगाबिट या दरानं रेकॉर्ड करतो, म्हणजे तासाला ४५ जीबी. हळद, लग्न आणि वरात मिळून एका घरचा डाटा दीडशे-दोनशे जीबीपर्यंत सहज जातो.

कामाची वाटणी अशी. पुतण्या कॅमेरा चालवतो, मी मिक्सिंग करतो. तो पहाटे येऊन ओटीवरच्या लॅपटॉपमध्ये कार्डं रिकामी करतो आणि झोपतो. मी सकाळी उठून मागच्या खोलीतल्या पीसीवर बसतो. लॅपटॉपमधलं फोल्डर पीसीवर ओढायचं ते वायफायवरून. डिस्क उचलून मागे न्यायला कोणी अडवलं नव्हतं. पण एकदा डिस्क हातातून पडली होती, आणि शिवाय, खरं सांगायचं तर, आमच्याकडे सगळं वायफायवर चालतं हे आल्यागेल्याला सांगायला मला आवडायचं.

६० जीबीचं एक फोल्डर ओढायला घेतलं की खिडकीत आकडा यायचा सेकंदाला अडीच मेगाबाइट, आणि शिल्लक वेळ पावणेसात तास. कधीकधी तोच आकडा एक मेगाबाइटच्याही खाली यायचा आणि वेळ दुसऱ्या दिवसावर जायचा. कधी अडीच, कधी अर्धा, याचं गणित लागेना.

पहिला उपाय मी नेटवाल्याला फोन करून केला. ४० मेगाबिटचा प्लॅन होता, तो १०० चा करून घेतला. त्यानं विचारलं, "काय अडतंय?" मी म्हटलं, "फाइल लय स्लो जाते." त्यानं प्लॅन वाढवून दिला. यात त्याची काही चूक नाही. मी मागितलं ते त्यानं विकलं. मोबाइलवर स्पीड टेस्ट केली तर आधीपेक्षा मोठा आकडा आला, मी खूश. त्याच संध्याकाळी फोल्डर ओढायला घेतलं, तर अडीच मेगाबाइट.

तरीही पुढचे कितीतरी महिने मी शंभरच्या प्लॅनचे पैसे भरत राहिलो, कारण प्लॅन कमी केला तर आहे तेवढाही वेग जाईल अशी भीती होती. खरं तर लॅपटॉप ओटीवर, पीसी मागच्या खोलीत, मधे राउटर. फाइल लॅपटॉपमधून निघते, राउटरपर्यंत जाते आणि तिथून वळून पीसीत येते. खांबावरून घरात आलेल्या फायबरच्या तारेला ती शिवतही नाही. त्या वेळी कोणी ती तार कापून टाकली असती तरी माझी कॉपी तशीच चालू राहिली असती. हे मला कळत नव्हतं असंही नाही. विचारलं असतं तर मी बरोबर उत्तर दिलं असतं. पण घरात 'नेट' हा एकच शब्द सगळ्याला चालतो, आणि पैसे भरताना माणूस तेवढा विचार करत नाही.

मग मी घराला दोष द्यायला सुरुवात केली. आमच्या घराचा पुढचा भाग आजोबांच्या काळातला, दगडमातीच्या हातभर जाड भिंतींचा, वर कौलं. मागे वडिलांनी बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. दोन्हींच्या मधल्या जागेवर पत्रा टाकलेला. माझा सगळा राग त्या पत्र्यावर. रेडिओलहरी पत्र्यावर आपटून परत फिरतात, हे कुठेतरी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. पण आपटून फिरलेल्या लहरींचा बंदोबस्त वायफाय तयार करणाऱ्यांनी आधीच करून ठेवला आहे, हे वाचलं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत जॉन ओसलिव्हन नावाचे रेडिओखगोलशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न सोडवला. खोलीत एकच संदेश भिंती, छत, कपाट अशा वेगवेगळ्या जागांवर आपटून पुढेमागे पोहोचतो आणि त्याची सरमिसळ होते. त्यांनी तो संदेश अनेक संथ धाग्यांत विभागून एकाच वेळी पाठवायची युक्ती काढली, म्हणजे मागून येणारा प्रतिध्वनी पुढच्याला बिघडवत नाही. १९९६ साली त्यांना अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि पुढे त्याच्या हक्कावरून मोठमोठ्या कंपन्यांशी कोर्टकचेऱ्या झाल्या. माझ्या पत्र्याचा प्रश्न सुटून जमाना झाला होता. मी मात्र पत्रा काढून तिथे दुसरं काही टाकावं का, म्हणून गवंड्याला बोलावणं धाडलं होतं. तो आला नाही, हे माझं नशीब.

खरी अडचण होती ती माजघरात. दिवाळीच्या सुमारास भात झोडून झालं की गोण्या आमच्या माजघरात, दगडी भिंतीला लागून, छातीइतक्या उंच रचल्या जातात. बरोबर त्याच काळात कॉपीचा वेग आणखी पडायचा. मी त्याचं खापर वीजमंडळाच्या व्होल्टेजवर फोडत होतो. वायफायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, आणि नव्या भातात ओल असतेच. धान्यातला ओलावा मोजायची काही यंत्रं तर सूक्ष्मलहरींवरच चालतात. धान्यातून पलीकडे किती लहर पोहोचली त्यावरून ती ओल सांगतात. थोडक्यात, मी राउटर आणि पीसी यांच्या मधोमध अख्खं वर्षाचं भात रचून ठेवत होतो आणि वर पत्र्याकडे बघत होतो.

या दिवसांत मी मोबाइलवर उपाय खूप वाचले. जवळपास सगळीकडे पहिला सल्ला एकच. चॅनल बदला. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांत न मिसळणारे, त्यातला मोकळा निवडा. मी इमानेइतबारे एकावरून सहावर, सहावरून अकरावर गेलो, परत एकावर आलो. फरक शून्य. कल्याणच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या मेव्हण्याच्या मोबाइलवर वायफायची यादी उघडली की बोटानं खाली सरकवत राहावी लागते. तिथे हा सल्ला सोळा आणे खरा. आमच्या ओटीवर यादी उघडली तर त्यात आमचंच एक नाव, आणि वारा चांगला असला तर शाळेचं. मोकळ्या रानात मी गर्दीवरचा उपाय करत बसलो होतो.

उलट, आमच्याकडे हवा रिकामी असल्यामुळे एक गोष्ट करता आली असती ती मी केली नाही. राउटरमध्ये चॅनलची रुंदी ठरवता येते, २० मेगाहर्ट्झ की ४०. शहरात २.४ च्या पट्ट्यात ४० लावणं म्हणजे शेजाऱ्यांची जागा अडवणं. म्हणून बहुतेक जण २० वर राहायला सांगतात. माझ्यासारख्या एकांड्या घराला ते बंधन नव्हतं. आमचा लॅपटॉप २० वर जास्तीत जास्त ७२ मेगाबिटचा दुवा जोडायचा, तोच ४० वर १५०. ही सेटिंग फुकट होती. म्हणूनच बहुधा तिच्याकडे लक्ष गेलं नाही, कारण तोवर माझं लक्ष मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांकडे लागलं होतं.

तिथून मी चार अँटेनांचा राउटर आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२००. ४० च्या प्लॅनसोबत आलेल्या जुन्या राउटरवर ३०० लिहिलेलं, म्हणजे चौपट. घरी आणून लावला, चारही अँटेना मागच्या खोलीच्या दिशेनं वळवल्या, फोल्डर ओढलं. अडीच.

त्या १२०० चा हिशोब असा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ३००, पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ८६७, बेरीज ११६७, आणि मग जवळचा गोल आकडा म्हणून १२००. या राउटरशी एक यंत्र एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतं, म्हणून ही बेरीज कधीच कोणाच्या वाट्याला येत नाही. त्यातून माझा लॅपटॉप आणि पीसीला लावलेला वायफायचा डोंगल हे दोन्ही २००९ साली ठरलेल्या 'एन' मानकाचे, एका अँटेनाचे आणि फक्त २.४ चे. नव्या राउटरचं पाच गिगाहर्ट्झ घरात घुमत होतं आणि ते ऐकू येणारं एकच यंत्र होतं, पुतण्याचा मोबाइल. आणखी एक गोष्ट खोक्याच्या मागच्या बाजूला वाचायची राहिली. राउटरच्या मागे केबल लावायची जी भोकं होती ती १०० मेगाबिटची. त्याचा चटका पुढे बसला.

पाच गिगाहर्ट्झचा डोंगल आणला असता तरी दगडी भिंतीनं त्याला दाद दिली नसती. जितकी लहर आखूड तितकी ती भिंतीत आणि झाडोऱ्यात जास्त अडते. लांब लहरी आरपार जातात. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी पालघरजवळ खामलोलीच्या परिसरात गावांना नेट पोहोचवायचा प्रयोग केला, तेव्हा त्यांनी दूरदर्शनच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरल्या, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ. त्यामागे हेच कारण होतं. झाडं, टेकाडं मध्ये असली तरी त्या लहरी निभावून नेतात. (१ ऑगस्ट २०१४ पर्यंत पालघर आमच्याच जिल्ह्यात होतं, तेवढाच आमचा त्यात वाटा.) घरातल्या वायफायला मात्र तो पट्टा मिळत नाही.

राउटरनंतर मी एक्स्टेंडर आणला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचं छोटं यंत्र, वायफाय पकडून पुढे सोडणारं. तो मी पीसीच्या शेजारी खोचला. पीसीवर लगेच पूर्ण पट्ट्या दिसायला लागल्या, आणि वेग अडीचवरून दीडच्या खाली आला. घरात हे कोणाला सांगितलं नाही. पट्ट्या भरलेल्या दिसत होत्या ना, तेवढ्यावर वेळ मारून नेली.

सगळं उलगडलं ते भाची राहायला आली तेव्हा. ती आसनगावला इंजिनिअरिंगला आहे. एरवी माझ्या स्टुडिओत ती फोटो काढून घ्यायलाच येते. मी कॉपीच्या खिडकीसमोर हनुवटीला हात लावून बसलेलो पाहून तिनं विचारलं, "मामा, लिंक स्पीड किती दाखवतोय?"

मी म्हटलं, "शंभरचा प्लॅन आहे."

"प्लॅन नाही विचारला. लॅपटॉप राउटरशी किती वर जोडलाय ते."

वायफायच्या माहितीच्या पानावर ते सरळ लिहिलेलं असतं. लॅपटॉपवर ७२, पीसीवर ५८. इतके दिवस ते आकडे माझ्याच यंत्रात पडून होते. तिनं एका पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. वायफायवर लिंकचा जो आकडा दिसतो त्यातला साधारण चाळीस टक्के भाग पोच-पावत्या, वाट पाहणं, पुन्हा पाठवणं यातच जातो. म्हणजे ७२ चे उरले पंचेचाळीसच्या आसपास, ५८ चे छत्तीस. शिवाय हवा एकच. पावसाळ्यात दरड कोसळली की माळशेज घाटात एकेरी वाहतूक लावतात. वरच्या गाड्या सुटेपर्यंत खालच्या थांबतात. वायफायवर बारा महिने असंच चालतं, एका वेळी एकानंच बोलायचं. लॅपटॉप राउटरला फाइलचा तुकडा देतो तेव्हा पीसी गप्प, राउटर तोच तुकडा पीसीला देतो तेव्हा लॅपटॉप गप्प. प्रत्येक तुकडा त्याच हवेतून दोनदा जातो. तेव्हा पंचेचाळीस आणि छत्तीसचे मिळून हाती पडतात वीस मेगाबिट. कॉपीच्या खिडकीत दिसतात ते बिट नव्हेत, बाइट. एका बाइटात आठ बिट. वीसला आठनं भाग दिला, अडीच.

पावतीवर अडीच लिहून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो की ती कुठे बिघाड आहे ते सांगेल. बिघाड नव्हताच. त्या लॅपटॉपनं, त्या डोंगलनं आणि त्या भिंतीनं जेवढं द्यायला हवं तेवढं ते मला पहिल्या दिवसापासून प्रामाणिकपणे देत होते. एक्स्टेंडरनं वेग का पाडला तेही त्याच पावतीत होतं. त्यानं तोच तुकडा हवेतून तिसऱ्यांदा पाठवायला लावला. त्यातून मी तो पीसीजवळ, म्हणजे राउटरचं बोलणं मुळातच कमी ऐकू येणाऱ्या कोपऱ्यात लावलेला. पट्ट्या भरलेल्या होत्या त्या एक्स्टेंडरच्या, राउटरच्या नव्हेत.

पण मग कधीकधी वेग एकच्याही खाली का जायचा? पावतीत त्याचं उत्तर नव्हतं. भाचीनं दोन्ही यंत्रांवर आयपर्फ नावाची एक फुकट मिळणारी गोष्ट टाकली. ती डिस्कला हात लावत नाही, फाइलही पाठवत नाही. नुसता खोटा डाटा इकडून तिकडे ढकलून मधला रस्ता किती वाहतो तेवढं मोजते. वीसच्या आसपास आकडे येत राहिले. मग मी सवयीनं पीसीला लावलेल्या बाहेरच्या डिस्कवर एक जुनं लग्न कॉपी मारायला टाकलं. वायफायशी त्याचा काही संबंध नाही, पीसीतलंच पीसीला. आणि आयपर्फचे आकडे धाडकन सहावर आले. कॉपी थांबवली, परत वीस. सुरू केली, सहा.

पीसीच्या मागे शेजारीशेजारी दोन भोकं. एकात डोंगल, दुसऱ्यात यूएसबी ३ ची डिस्क. भाचीलाही हे नवीन होतं. तिनं शोधलं तेव्हा सापडलं की इंटेल कंपनीनं २०१२ सालीच यावर एक सविस्तर टिपण काढलेलं आहे. यूएसबी ३ वरून डाटा वाहायला लागला की ती वायर आणि तो जोड रेडिओगोंगाट करतात, आणि त्या गोंगाटाचा बराचसा भाग नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. डोंगल त्याला चिकटून बसलेला. मी मिक्सिंगचा डाटा थेट बाहेरच्या डिस्कवर घ्यायचो ते दिवस अर्ध्या मेगाबाइटचे, आणि पीसीच्या आतल्या डिस्कवर घ्यायचो ते अडीचचे. वीजमंडळ, भरतीओहोटी, रात्रीची हवा अशी कितीतरी कारणं मी या चढउताराला चिकटवली होती. अमावास्येला वेग कमी असतो असं मी एकदा पुतण्याला सांगितलंही होतं. त्यानं मान डोलावली होती, याचं मला आता जास्त वाईट वाटतं.

डोंगल पत्र्याच्या कॅबिनेटच्या मागे, टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून होता, हे वेगळंच. एक हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून तो टेबलावर आणला. चॅनलची रुंदी ४० केली. भाताच्या गोण्या वहिनींच्या परवानगीनं दुसऱ्या भिंतीला हलवल्या. अडीचचे साडेचार झाले. खर्च त्या वायरीपुरता.

साडेचारवर ६० जीबीला पावणेचार तास लागतात. धंद्याला हे पुरेसं नाही. भाचीचं म्हणणं होतं की दोन जागच्या जागी बसलेल्या यंत्रांमध्ये हवा आणायचीच कशाला, केबल टाका. मला ते पटायला वेळ लागला. आमच्याकडे सगळं वायफायवर चालतं, हे बोलून झालं होतं ना.

केबल मी स्वतः टाकली. माळ्यावरून, वाशांच्या कडेनं, उंदरांपासून वाचावी म्हणून पाइपातून. दोन्ही टोकांना क्लिप मारायची क्रिम्पिंगची पक्कडही शहापूरहून आणली. फोल्डर ओढलं, खिडकीत अकरा मेगाबाइट. सगळं घर बघायला आलं. दीड तासात ६० जीबी! भाची मात्र फोनवर म्हणाली, "अकरा कसे? शंभरच्या वर यायला हवेत."

अकरा म्हणजे १०० मेगाबिटचा दुवा. राउटरच्या मागची भोकं १०० ची होती, हे तेव्हा मला खोक्यावर वाचायला मिळालं. त्यासाठी गिगाबिटचा पाच भोकांचा छोटा स्विच आणला आणि दोन्ही यंत्रं त्याला जोडली. तरी अकरा. आता मात्र मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. भाचीनं विचारलं, "क्लिप तुम्हीच मारली ना?" केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० ला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एखादी तार नीट बसली नाही, तर दोन्हीकडची यंत्रं तक्रार करत नाहीत, गुपचूप १०० वर उतरतात. माझ्या एका टोकाची तपकिरी तार क्लिपच्या तोंडापर्यंत पोहोचलीच नव्हती. टोक कापून परत मारलं. ११० मेगाबाइट.

त्या आनंदात मी फोल्डर थेट बाहेरच्या डिस्कवर ओढलं. ११० वरून सुरू झालं आणि थोड्या वेळात वीस-पंचवीसवर येऊन रेंगाळलं. यावेळी मी कोणाला फोन केला नाही. रस्ता मोजलेला होता, तो ११० चा होता, म्हणजे अडणारं जे काही ते डिस्कच्या बाजूला. सुरुवातीचा मोठा आकडा हा बऱ्याचदा मेमरीत साठवलेल्या मालाचा असतो. मेमरी भरली की मग खऱ्या डिस्कचा वेग दिसतो. स्वस्तातल्या काही मोठ्या पोर्टेबल डिस्कमध्ये पट्टे एकमेकांवर किंचित चढवून जागा वाचवलेली असते. त्यांवर सलग लिहीत राहिलं तर त्यांना मागचं पुन्हा रचत बसावं लागतं आणि त्या दमतात. आता कच्चा माल आधी पीसीतल्या एसएसडीवर येतो, काम झालं की मग रात्री निवांत बाहेरच्या डिस्कवर जातो.

फाइल किती बारीक आहे यानंही फरक पडतो, हे मला फार उशिरा दिसलं. मिक्सिंगचं सॉफ्टवेअर काम करताना हजारोंनी चिटुकल्या फाइली तयार करतं. त्यांचं एक जीबीचं फोल्डर मला व्हिडिओच्या वीस जीबीपेक्षा जास्त वेळ खायचं. प्रत्येक फाइलला उघडणं, नाव नोंदवणं, तारीख टाकणं, बंद करणं आलंच, मग आत माल कितीही असो. त्या फाइली हलवायची गरजच नसते, सॉफ्टवेअर त्या नव्यानं बनवतं. मी त्या वर्षानुवर्षं जपून इकडून तिकडे नेत होतो.

आणि लाइट. आमचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांपुरता. लॅपटॉपला बॅटरी होती, राउटरला नव्हती. नव्वद टक्क्यांवर लाइट गेली की कॉपी मोडायची आणि मी ती पहिल्यापासून सुरू करायचो. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा पूर्वीपासून आहे. ती झालेल्या फाइली सोडून देते, आणि योग्य खूण लावली तर अर्ध्यावर तुटलेली फाइलही तिथूनच पुढे नेते. काळ्या खिडकीत टाइप करावी लागते, एवढाच तिचा दोष. पुतण्यानं ती एका बटणामागे लपवून दिली आहे.

नेटचा प्लॅन मी परत ४० वर आणला. चार अँटेनांचा राउटर ओटीवर आहे, मोबाइलला उत्तम चालतो. एक्स्टेंडर कपाटात पडून आहे. कोणाला हवा असेल तर न्यावा, फक्त यंत्राशेजारी न लावता राउटर आणि यंत्र यांच्या अर्ध्या वाटेवर लावावा. ६० जीबीचं फोल्डर आता चहा होईस्तोवर मागच्या खोलीत येतं. व्हिडिओ उशिरा द्यायला आता मला दुसरी कारणं शोधावी लागतात, आणि ती मिळतातही.

तुमच्याही घरात असं काही रखडत असेल तर नवीन राउटर घ्यायच्या आधी एकच मोठी फाइल घ्या. ती आधी त्याच यंत्रात एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर टाकून बघा, मग लॅपटॉप केबलनं राउटरला जोडून, आणि मग दोन्ही वायफायवर ठेवून. तिन्ही वेळचे आकडे कागदावर लिहा, आठनं गुणा आणि लिंक स्पीडशेजारी मांडा. पीसीच्या मागे डोंगल असेल तर ते सगळं करण्याआधी तो वायर लावून टेबलावर आणा आणि डिस्कपासून लांब ठेवा.